‘स्मृतिचित्रे’तील उपकारस्तुती : फिसकटलेल्या बेतांचे कथन आणि ख्रिस्ती कृतज्ञतेचा प्रश्न

सारांश

लक्ष्मीबाई टिळक यांचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मकथन प्रसन्न विनोद आणि सोशिकता यांसाठी वाखाणले जाते. संसारातील ठरलेले बेत वारंवार कोलमडत असताना या कथनात कडवटपणा का येत नाही, या प्रश्नाचे उत्तर मात्र बहुधा लेखिकेच्या ‘स्वभावा’त शोधले जाते. प्रस्तुत लेखात हा कडवटपणाचा अभाव ‘उपकारस्तुती’ या ख्रिस्ती संकल्पनेच्या प्रकाशात तपासला आहे. लक्ष्मीबाईंची कृतज्ञता तक्रार पुसून टाकत नाही, ती तक्रारीची नोंद करूनच पुढे जाते, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजशब्द : स्मृतिचित्रे, उपकारस्तुती, कृतज्ञता, ख्रिस्ती आत्मकथन, अहमदनगर, स्त्रीलेखन.

१. प्रस्तावना

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील ख्रिस्ती कुटुंबांत ‘उपकारस्तुती’ हा शब्द घरोघरी परिचित आहे. नव्या घरात प्रवेश, मुलाची नोकरी, आजारातून उठणे अशा प्रसंगी उपकारस्तुतीची प्रार्थना होते. अशा चांगल्या घटनेबद्दल देवाचे आभार मानणे सर्वच धर्मांना ठाऊक आहे. अवघड भाग त्यापुढचा असतो. ठरलेले लग्न मोडले, हाती येणारे पीक गेले, प्रवासाला निघालेल्या माणसाला अर्ध्या वाटेवरून परतावे लागले, तरी आभार मानावेत, असे वडीलधारी माणसे सांगतात. या सांगण्यात मनाला मोकळे करणारे सामर्थ्य आहे. तसेच दुखावलेल्या माणसाला गप्प करण्याचा धोकाही आहे.

पदवीच्या वर्गात ‘स्मृतिचित्रे’ शिकवीत असताना एका विद्यार्थिनीने प्रस्तुत लेखिकेला विचारले होते, “मॅडम, लक्ष्मीबाई हसतात हे खरं, पण त्यांच्याजवळ दुसरा इलाज तरी होता का?” हा प्रश्न वरवरचा नव्हे. इलाज नसल्यामुळे आलेले हसू आणि कृतज्ञतेतून आलेले हसू यांत फरक करता आला नाही, तर ‘स्मृतिचित्रे’चे मोल एका सोशिक पत्नीच्या प्रशस्तिपत्राइतकेच उरेल. प्रस्तुत लेख हा फरक करण्याचा प्रयत्न आहे.

२. ‘उपकारस्तुती’ : शब्द आणि संकल्पना

मराठीत ऋणभावना व्यक्त करणारे शब्द अर्थाच्या दृष्टीने लक्षणीय आहेत. ‘आभार’ या शब्दात ‘भार’ ऐकू येतो. ‘उपकार’ केले जातात, स्मरले जातात आणि मुख्यतः फेडले जातात. न फेडता आले तर माणूस उपकाराखाली दबतो. ‘कृतज्ञ’ म्हणजे केलेले जाणणारा. म्हणजेच आपल्या भाषेत कृतज्ञतेभोवती देण्याघेण्याचा हिशेब आहे आणि त्यात घेणाऱ्याची बाजू नेहमी पडती आहे. मराठी बायबलमधून रुळलेला ‘उपकारस्तुती’ हा जोडशब्द या हिशेबाला वेगळे वळण देतो. येथे उपकाराची फेड अपेक्षित नाही; जे फेडता येत नाही त्याचे गुणगान अपेक्षित आहे. घेणारा दबत नाही, तो तोंड उघडतो.

पण प्रतिकूल प्रसंगी काय? या संदर्भात पौलाच्या थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातील उपदेशाचा नेहमी आधार घेतला जातो. तेथील मूळ ग्रीक शब्दयोजना ‘प्रत्येक गोष्टीत’ असा अर्थ देते. परिस्थिती कशीही असो, तिच्या आत राहून आभार माना, असा तिचा रोख आहे. इफिसकरांस पत्रात मात्र ‘सर्व गोष्टींबद्दल’ असे म्हणता येईल अशी रचना आहे. या दोन्हींतील ताण प्रामाणिकपणे मान्य करावयास हवा. संकटात आभार मानणे आणि संकटाबद्दल आभार मानणे या दोन भिन्न कृती आहेत. पहिलीत संकट हे संकटच राहते. दुसरीत त्याला देणगीचे रूप दिले जाते.

प्रेषितांची कृत्ये या पुस्तकातील जहाजभंगाचे प्रकरण या दृष्टीने उद्‌बोधक आहे. हा प्रवास करू नये, असे पौलाने आधीच सुचविले होते. ते कोणी ऐकले नाही. वादळात दिवसामागून दिवस गेले. जहाज फुटण्याच्या आदल्या प्रहरी पौल भाकर हाती घेतो, सर्वांदेखत देवाचे आभार मानतो आणि खाऊ लागतो. आभार वादळाबद्दल नाहीत, ते भाकरीबद्दल आहेत. शिवाय आपले ऐकले असते तर हे नुकसान टळले असते, हेही पौलाने त्याच प्रवासात सुनावलेले आहे. तक्रार आणि आभार एकाच माणसाच्या तोंडी, एकाच जहाजावर आहेत. स्तोत्रसंहितेतील अनेक विलापस्तोत्रांतही गाऱ्हाणे आणि स्तुती एकमेकांना लागूनच येतात. याकोबाचे पत्र तर उद्या अमुक नगरात जाऊ, व्यापार करू, असे बेत ठामपणे जाहीर करणाऱ्यांना जीवन धुक्यासारखे आहे, याची आठवण देते. तेव्हा बेत फिसकटणे हा ख्रिस्ती जीवनातील अपवाद नसून गृहीत धरलेली वस्तुस्थिती आहे आणि तिला सामोरे जाताना गाऱ्हाण्याला मज्जाव नाही. ‘स्मृतिचित्रे’कडे पाहताना हे सूत्र उपयोगी पडते.

३. तुकोबांचा पूल आणि पुलापलीकडचे घर

नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे सांगत. या पुलावर कृतज्ञतेचा एक जुना मराठी दाखला उभा आहे. दिवाळे निघाले, दुष्काळाने गांजले, जनात अपमान झाला, गुरेढोरे गेली, बायको कजाग मिळाली, हे सारे बरेच झाले; कारण त्यामुळे देवाचे चिंतन राहिले, अशा आशयाचा तुकोबांचा अभंग सर्वपरिचित आहे. वर केलेल्या भेदानुसार ही ‘संकटाबद्दल’ मानलेली कृतज्ञता आहे. तिची भव्यता निर्विवाद आहे. दिवाळ्याला देणगी म्हणण्यासाठी लागणारे वैराग्य सामान्याच्या आवाक्याबाहेरचे आहे.

तथापि या अभंगात घराची दुसरी बाजू बोलत नाही. दिवाळे निघालेल्या घरात चूल पेटवायची जबाबदारी जिच्यावर होती, तिला ते ‘बरे झाले’ असे वाटले काय? संतचरित्रांनी जिजाईच्या तोंडी बहुधा त्रागाच घातला. तिचे स्वतःचे शब्द आपल्यापर्यंत आलेले नाहीत. ‘स्मृतिचित्रे’चे आगळेपण येथे आहे. ज्याने हातचे देऊन टाकावे, ठरलेले मोडावे आणि त्यात आनंद मानावा, अशा भक्तकवीच्या घरातील दुसरे माणूस येथे स्वतः लिहीत आहे. मराठी भक्तिपरंपरेत जी जागा रिकामी होती, ती लक्ष्मीबाईंनी भरून काढली. त्यामुळे त्यांची कृतज्ञता तुकोबांच्या कृतज्ञतेची प्रतिकृती असू शकत नव्हती. घरातील दिवाळे त्यांनी स्वतः निवडलेले नव्हते.

४. टिळकांच्या घरातील बेत

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळील जलालपूर येथे गोखले घराण्यात झाला. वडिलांचे सोवळे पराकोटीचे होते. अकराव्या वर्षाच्या सुमारास लग्न झाले आणि येथून पुढे बेत आणि वास्तव यांची फारकत हा त्यांच्या संसाराचा स्थायीभाव झाला. टिळक न सांगता घर सोडून जात. नोकऱ्या आणि गावे बदलत. प्रपंचासाठी ठेवलेला पैसा दुसऱ्याच्या गरजेत किंवा स्वतःच्या लहरीत संपवीत. काही अपत्ये अल्पवयात गेली.

टिळकांच्या आयुष्यातील निर्णायक वळणही प्रवासातच लागले. नोकरीसाठी नागपुराहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका अनोळखी युरोपीय गृहस्थाने त्यांना नवा करार दिला. त्या वाचनाची परिणती १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झालेल्या त्यांच्या बाप्तिस्म्यात झाली. टिळकांच्या चरित्रकाराला हा प्रवास ईश्वरी योजना वाटतो. लक्ष्मीबाईंच्या बाजूने पाहिले, तर ऐन पंचविशीत पती जिवंत असताना संसार संपल्याची ती वार्ता होती. त्या दिवसांचे वर्णन करताना लेखिका शोकाला कोठेही देणगीचे वेष्टन घालीत नाही. भान हरपावे असा तो आघात होता. त्यांची पहिली कविताही त्याच व्याकूळ अवस्थेतून आली.

काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या अहमदनगरला पतीकडे आल्या. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ पासून येथे काम उभे केले होते; टिळक येथील ख्रिस्ती विद्यालयात अध्यापन करीत होते. लक्ष्मीबाईंनी आपले आचार सोडले नाहीत. स्वयंपाक, पाणी वेगळे ठेवले. पुढे जातिभेद देवाने केला की माणसाने, या प्रश्नाशी त्यांनी एकटीने झुंज घेतली आणि यापुढे कोणाच्याही हातचे खाण्यापिण्यास आपण मोकळ्या आहोत, या निष्कर्षाला त्या आल्या. त्यानंतर १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. हा निर्णय पतीच्या मागे जाण्याचा नव्हता. तो त्यांचा स्वतःचा होता, हे त्यांच्या कथनावरून स्पष्ट होते.

नगर व राहुरी येथील वास्तव्यातही स्थैर्य आले नाही. दुष्काळाचे, प्लेगचे दिवस होते. घरात निराधार मुलांची भर पडत राहिली. बालकवी ठोंबरे यांच्यासारखा मनस्वी कवीही काही काळ याच घरात राहिला. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची वेतनाची नोकरी सोडली, संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि सातारा येथे ‘देवाचा दरबार’ या कार्याचा आरंभ केला. दोन वर्षांत, ९ मे १९१९ रोजी, त्यांचे मुंबईत निधन झाले. उरलेले आयुष्य लक्ष्मीबाईंनी मुलाच्या आधाराने, काही काळ कराचीत, काढले. कोणत्याही एका दशकात आखलेला बेत पुढील दशकात शिल्लक राहिला नाही, असे हे आयुष्य आहे.

५. कथनातील तीन विशेष

१९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’त ही सारी पडझड ज्या रीतीने सांगितली आहे, तिचे तीन विशेष नोंदविता येतात.

(अ) हिशेब पुसला जात नाही. टिळकांचा विसराळूपणा, संताप, अविचारी औदार्य यांची नोंद तपशिलासह येते. पत्नीने पतीचे नाव घेऊ नये अशा काळात वाढलेली ही लेखिका संपूर्ण ग्रंथभर त्यांना ‘टिळक’ म्हणते. या संबोधनात आदर आहे आणि एका हाताचे अंतरही आहे. त्या अंतरावरून त्या टिळकांकडे व्यक्ती म्हणून पाहू शकतात. घरात काय कमी पडले, कोणाच्या वागण्यामुळे पडले, हे वाचकापासून लपविलेले नाही.

(आ) हसू स्वतःपासून सुरू होते. प्रसंग फजितीचा असला की लेखिका आपलीही फजिती तितक्याच मोकळेपणाने सांगते : आपले अज्ञान, आपले हट्ट, आपल्या सोवळ्याच्या कल्पना, आपल्या रागाचे नमुने. पतीवर हसणारी पत्नी एवढेच असते तर तो उपहास झाला असता. दोघेही एकाच गमतीत सापडलेले असल्यामुळे त्याला क्षमेची जोड मिळते. आपला बेत हा विश्वाचा केंद्रबिंदू नव्हता, ही जाणीव येथे प्रवचनातून येत नाही, ती विनोदातून येते. याकोबाच्या पत्रातील धुक्याचे रूपक लक्ष्मीबाईंनी जणू स्वयंपाकघरात आणून समजून घेतले.

(इ) आभार माणसांपर्यंत पोहोचतात. बेत कोलमडल्यावर कोणी आसरा दिला, कोणी जेवू घातले, कोणी मुलाला सांभाळले, हे लेखिका विसरत नाही. यात हिंदू नातलग आहेत, मिशनरी आहेत, शेजारीपाजारी आहेत. बाप्तिस्म्यानंतर जुन्या नात्यांवर काट मारावी आणि केवळ नव्या मंडळींचे ऋण मानावे, असे घडत नाही. उपकारस्तुती देवाची असली तरी उपकार माणसांच्या हातून आले, याचे भान सुटत नाही. दुरावलेल्या, रुष्ट झालेल्या आप्तांनाही श्रेय देता येणे, ही या कृतज्ञतेची सर्वांत कठीण आणि म्हणून सर्वांत विश्वसनीय खूण होय.

या तीन विशेषांना एक कृतिरूप पूरक आहे. स्वतःचे घर अपुरे असताना त्या घरात परक्या मुलांना जागा मिळते. प्लेगच्या काळात त्या रुग्णांच्या शुश्रूषेला उभ्या राहतात. जे फेडता येत नाही ते पुढे देणे, असे उपकारस्तुतीचे व्यावहारिक रूप येथे दिसते.

६. ‘अरुणोदय’शी तुलना

मराठी ख्रिस्ती आत्मकथनाची परंपरा ‘स्मृतिचित्रे’पूर्वीची आहे. बाबा पदमनजी यांचे ‘अरुणोदय’ (१८८८) हे तिचे ठळक उदाहरण. शीर्षकच सांगते त्याप्रमाणे तेथे अंधाराकडून प्रकाशाकडे जाणारी रेषा आहे. आधीच्या आयुष्यातील अडथळे, शंका, विरोध यांना धर्मांतराच्या क्षणावरून मागे पाहिल्यावर अर्थ प्राप्त होतो. धर्मसाक्षीच्या या प्रकारात कृतज्ञता शेवटी येते आणि मागील सर्व गोष्टींना आपल्या उजेडात घेते.

‘स्मृतिचित्रे’ची घडण निराळी आहे. बाप्तिस्मा हा तेथे महत्त्वाचा टप्पा आहे, कळस नव्हे. त्यानंतरही पैसे कमी पडतात, टिळक रागावतात, बेत बिघडतात. दुःखाचा अर्थ उलगडून दाखविण्याचा आग्रह लेखिका धरीत नाही. अमुक आपत्ती अमुक हेतूने आली, अशी विधाने करण्याऐवजी ती प्रसंग सांगते, हसते किंवा थांबते. म्हणूनच हे पुस्तक ख्रिस्ती नसलेल्या वाचकांनाही परके वाटले नाही. धर्मदृष्ट्या मात्र हा संयम म्हणजे श्रद्धेची उणीव मानता येणार नाही. देवाच्या योजनेचा नकाशा आपल्या हाती आहे असे न मानणे, हीदेखील श्रद्धेचीच एक रीत आहे.

७. आक्षेप आणि मर्यादा

या प्रतिपादनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, ‘स्मृतिचित्रे’ हे पश्चात्‌कथन आहे. पन्नास वर्षांनी, टिळकांच्या निधनानंतर लिहिताना जुनी भांडणे गोड होतात. हे कृतज्ञतेचे नव्हे तर अंतराचे फळ आहे. या आक्षेपात तथ्य आहे. १८९५ मधील लक्ष्मीबाई उपकारस्तुती करीत नव्हत्या, त्या रडत होत्या. परंतु लेखनाच्या वेळी त्या रडण्याला अश्रद्धा ठरवून दुरुस्त करणे त्यांना शक्य होते. त्यांनी ते केले नाही. काळाच्या अंतराने त्यांचा राग निवला, नोंद बदलली नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. टिळकांचे वैराग्य लक्ष्मीबाईंच्या कष्टांवर उभे होते. अशा व्यवस्थेत स्त्रीच्या कृतज्ञतेचा गौरव करणे म्हणजे अन्यायाला धार्मिक अधिष्ठान देणे नव्हे काय? हा धोका खरा आहे आणि आपल्या परिसरातील प्रवचनांत, घरांत तो आजही दिसतो. ‘सोसा, आभार माना’ असे सांगणारा बहुधा स्वतः सोसणारा नसतो. याच कारणासाठी ‘स्मृतिचित्रे’चा दाखला अशा उपदेशाच्या समर्थनार्थ देता येणार नाही. येथे आभार मानण्याचा आदेश कोणी दिलेला नाही. जिचे नुकसान झाले, तिने स्वतःच्या वेळी, स्वतःच्या शब्दांत ते मानले आणि नुकसानीची नोंदही स्वतःच केली. कृतज्ञता ही दुसऱ्याकडून वसूल करण्याची वस्तू झाली की तिचे उपकारस्तुतीपण संपते आणि जुन्या मराठी अर्थाने ती उपकाराचे ओझे होते.

तथापि मर्यादाही सांगावयास हवी. टिळकांच्या स्वभावातील दोष आणि त्या काळच्या पुरुषसत्ताक कुटुंबरचनेतील दोष यांत लेखिका नेहमी फरक करीत नाही. पतीच्या लहरीपणाला हसणे जितके सहज जमते, तितके त्या लहरीपणाला मुभा देणाऱ्या व्यवस्थेवर बोट ठेवणे जमत नाही. हे काम आजच्या वाचकाचे आहे. त्यासाठी लागणारा पुरावा मात्र लक्ष्मीबाईंनीच जपून ठेवला आहे.

८. निष्कर्ष

टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य आरंभिले आणि दहा-अकरा अध्यायांच्या पुढे ते जाऊ शकले नाही. औपचारिक शालेय शिक्षण नसलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले आणि त्याचा बहुतांश भाग लिहिला. त्यांच्या पश्चात त्यांचे पुत्र देवदत्त यांनी अखेरचा अध्याय जोडला. एका माणसाचा फिसकटलेला बेत दुसऱ्याने हाती घ्यावा आणि तिसऱ्याने तडीस न्यावा, हा या घरातील कृतज्ञतेचा सर्वांत बोलका दाखला म्हणता येईल.

उपरोक्त विवेचनावरून असे निष्कर्ष काढता येतात : एक, ‘स्मृतिचित्रे’तील प्रसन्नता हा केवळ स्वभावविशेष नसून संकटात राहून, संकटाला संकट म्हणत, आभार मानण्याची एक साधना आहे. दोन, तुकोबांच्या परंपरेतील वैराग्यजन्य कृतज्ञतेला घराच्या दुसऱ्या बाजूने मिळालेले हे उत्तर आहे. तीन, तक्रारीची नोंद आणि माणसांचे ऋण या दोन अटी पाळल्या गेल्यामुळेच ही कृतज्ञता शरणागती ठरत नाही.

वर्गातील त्या विद्यार्थिनीला त्या दिवशी समाधानकारक उत्तर देता आले नव्हते. लक्ष्मीबाईंजवळ दुसरा इलाज नव्हता, हे तिचे म्हणणे बऱ्याच अंशी खरे आहे. घडले ते बदलणे त्यांच्या हाती नव्हते. ते कसे सांगावे हे मात्र त्यांच्या हाती होते, आणि वयाच्या सहासष्टाव्या वर्षी पहिला भाग प्रसिद्ध करताना त्यांनी ते काहीही न वगळता, हसत सांगितले. आपल्या वर्गांतून हे पुस्तक शिकविताना त्यातील हसू आणि त्यातील नोंद, दोन्ही सारख्याच गांभीर्याने वाचली जावीत, एवढीच अपेक्षा.